सांधा सांभाळणारा माणूस

स्टेशन जवळ आले की गाडीचा वेग कमी होतो आणि इतका वेळ एका तालात चाललेला चाकांचा आवाज एकाएकी बदलतो. खडखडाट होतो, डबा एका अंगाला झुकतो, दारापाशी उभी असलेली मंडळी एकमेकांवर रेलतात आणि फळीवरचा फिरकीचा तांब्या घरंगळू लागतो. गाडीने सांधा बदललेला असतो. तांब्या सावरून आपण पुन्हा गप्पांना लागतो. त्या काही सेकंदांत आपला जीव किती बारीक गोष्टीवर टांगलेला होता, हे कुणाच्या मनातही येत नाही. ते येऊ नये म्हणून ज्यांनी आयुष्य वेचले त्यांची नावेही आपल्याला ठाऊक नसतात. त्यांतल्या एकाचे नाव मात्र आपण वेगळ्याच कारणाने ऐकलेले असते. ते म्हणजे जॉर्ज वेस्टिंगहाऊस. विजेचे कारखाने, जनित्रे, टेस्ला आणि एडिसन यांच्या गोष्टींत हे नाव हमखास येते. पण या माणसाची सुरुवात विजेपासून झाली नाही. ती झाली रुळांच्या सांध्यापासून, आणि मला विचाराल तर त्याच्या साऱ्या आयुष्याचे मर्मही तिथेच सापडते.

आधी सांधा म्हणजे काय ते पाहू. दोन मुख्य रुळांच्या आतल्या अंगाला दोन निमुळत्या पोलादी जिभा असतात. एका आडव्या दांड्याने त्या एकमेकींशी जोडलेल्या असतात. दांडा एकीकडे सरकवला की एक जीभ शेजारच्या रुळाला घट्ट चिकटते आणि दुसरी आपल्या रुळापासून चार-साडेचार इंच दूर होते. गाडीच्या प्रत्येक चाकाला आतल्या बाजूने एक उंच किनार असते. ही किनार जिभेच्या कलाने वळते आणि तिच्यामागून शेकडो टनांची गाडी वळते. जीभ पुरती चिकटली असेल तर उत्तम. बोटभर फट राहिली तर किनार त्या फटीत घुसते, एक चाक सरळ जाऊ पाहते, दुसरे वळू पाहते आणि डबे एकमेकांवर चढतात. दुसरा धोका याहून फसवा आहे. जीभ घट्ट चिकटलेली असते, पण भलत्याच बाजूला. मग गाडी घसरत नाही. ती निमूटपणे चुकीच्या रुळावर शिरते आणि तिथे उभ्या असलेल्या दुसऱ्या गाडीवर जाऊन आदळते.

आगगाडीच्या पहिल्या काही दशकांत या दोन्ही धोक्यांवर एकच इलाज होता, तो म्हणजे माणसाची सावधगिरी. सांध्यापाशी सांधेवाला उभा असे. गाडी येताना दिसली की तो हाताने सांधा फिरवी. सिग्नल वेगळा, त्याचा खटका वेगळा, पुष्कळदा तो हलवणारा माणूसही वेगळा. सांधा एकीकडे आणि सिग्नल दुसरीकडे, असे व्हायला यंत्राची कसलीच आडकाठी नव्हती. थंडीवाऱ्यात, धुक्यात, बारा-बारा तासांच्या पाळीत उभ्या राहिलेल्या माणसाच्या हातून एखादी चूक होणारच. ती झाली की चौकशी बसे आणि दोष बहुतेक वेळा सांधेवाल्याच्याच माथी येई. त्याला शिक्षा होई, त्याच्या जागी दुसरा सांधेवाला येई, आणि सांधा होता तसाच राही.

आपल्याकडे बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली ती १८५३ साली. त्यानंतर तीनच वर्षांनी, १८५६ मध्ये, इंग्लंडात जॉन सॅक्सबी नावाच्या ब्रायटनच्या एका सुताराने सांध्याचा आणि सिग्नलचा खटका एकमेकांशी जोडून टाकण्याचे पेटंट घेतले. पुढे त्यात त्याने आणि इतरांनी बऱ्याच सुधारणा केल्या. मूळ कल्पना एवढीच होती की, सांधा योग्य जागी बसल्याखेरीज सिग्नल पडताच कामा नये, आणि सिग्नल पडलेला असेपर्यंत सांधा हलता कामा नये. याला इंटरलॉकिंग म्हणतात. खटक्यांच्या खाली लोखंडी पट्ट्यांची एक जाळी असते. एक खटका ओढला की त्याची पट्टी सरकते आणि ज्या खटक्यांशी त्याचे वैर आहे त्यांच्या खाचेत जाऊन बसते.

शाळकरी वयात रेल्वेतल्या एका मामांबरोबर मी मिरजेच्या एका केबिनमध्ये गेलो होतो. मिरजेला तेव्हा मोठे, मधले आणि छोटे असे तिन्ही मापांचे रूळ होते. जिना चढून वर गेलो तर खटक्यांची लांबलचक रांग, माझ्या खांद्याइतकी उंच. काळे खटके सांध्यांचे, निळे सांधा जागच्या जागी जखडून ठेवणारे, लाल सिग्नलचे. केबिनमनने हसत मला एक लाल खटका ओढून बघायला सांगितला. मी त्याला अक्षरशः लोंबकळलो, पण तो तसूभरही हलला नाही. मग त्यांनी आधी काळा ओढला, मग निळा, आणि नंतर तोच लाल खटका हातात फडके धरून सहज खाली आणला. दूरवर सिग्नलचा हात पडला. त्या दिवशी मला त्यांच्या दंडातल्या ताकदीचे कौतुक वाटले होते. खरे कौतुक खालच्या पट्ट्यांचे होते, हे कळायला बरीच वर्षे जावी लागली.

आता वेस्टिंगहाऊसकडे वळू. त्याचा जन्म ६ ऑक्टोबर १८४६ रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या सेंट्रल ब्रिज या खेड्यात झाला. वडील शेतीची अवजारे, मळणीयंत्रे आणि लहान वाफेची इंजिने बनवीत. पुढे त्यांनी स्केनेक्टडी या गावी कारखाना काढला आणि जॉर्जचे बालपण शाळेपेक्षा त्या कारखान्यातच अधिक गेले. अमेरिकेत यादवी युद्ध पेटले तेव्हा हा पोरसवदा मुलगा सैन्यात दाखल झाला, पुढे आरमारात गेला आणि तिथे इंजिनांवर काम करू लागला. त्याचा भाऊ अल्बर्ट त्या युद्धात कामी आला. जॉर्ज परतला. कॉलेजात नाव घातले, पण तीनच महिन्यांत वर्गाला रामराम ठोकून तो वडिलांच्या कारखान्यात हजर झाला. १८६५ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, त्याने फिरत्या वाफेच्या इंजिनाचे पहिले पेटंट घेतले. ते इंजिन व्यवहारात फारसे चालले नाही.

पण त्याला खरी वाट दाखवली ती एका रखडलेल्या प्रवासाने. १८६६ च्या सुमारास तो गाडीने घरी परतत असता वाटेत गाडी थांबली. पुढे एका गाडीचे मागचे दोन डबे रुळावरून उतरले होते. गँगमधली माणसे पहारी लावून ते डबे इंचाइंचाने रुळावर चढवीत होती आणि त्यात तास-दोन तास गेले. इतर उतारू वैतागून येरझारा घालीत होते. हा मात्र पहारींकडे बघत उभा राहिला. रुळाला तिरकस जोडता येतील असे दोन रूळ बरोबर ठेवले आणि इंजिनाने डबा त्यांच्यावरून ओढला, तर काही मिनिटांत काम होईल, असे त्याच्या मनात आले. घरी येऊन त्याने तसे साधन बनवले आणि दोन भागीदार गाठून ते रेल्वे कंपन्यांना विकायला सुरुवात केली.

त्या निमित्ताने गावोगावच्या रेल्वे यार्डांत हिंडताना त्याचे लक्ष सांध्याच्या पुढल्या भागाकडे गेले. सांध्यातून वळलेला रूळ पुढे दुसऱ्या रुळाला छेदून जातो. चाकाची किनार पलीकडे जावी म्हणून तिथे रुळात खाच ठेवावी लागते. रेल्वेची माणसे या भागाला क्रॉसिंग म्हणतात. अमेरिकेत त्याला फ्रॉग, म्हणजे बेडूक, म्हणत. घोड्याच्या खुराच्या तळव्यावर जो त्रिकोणी भाग असतो त्यालाही इंग्रजीत हेच नाव आहे आणि दोहोंचा आकार सारखा, म्हणून हे नाव पडले. प्रत्येक चाक या खाचेवरून उडी मारून जाते आणि पलीकडच्या टोकावर आपटते. दिवसभरात हजारो घाव बसतात. तेव्हाचे फ्रॉग ओतीव लोखंडाचे असत, आणि ते लवकर झिजत, फुटत. झिजलेल्या फ्रॉगवर चाक कुठे जाईल याचा भरवसा नसे. वेस्टिंगहाऊसने दोन गोष्टी केल्या. लोखंडाऐवजी ओतीव पोलाद वापरले आणि फ्रॉगची घडण अशी केली की एक बाजू झिजली की तो उलटा करून दुसरी बाजू वर घेता यावी. आपल्याकडे सदऱ्याची कॉलर विरली की उलटवून शिवण्याची पद्धत होती, तसाच हा प्रकार. १८६८ मध्ये त्याचे पेटंट झाले.

या मधल्या काळात त्याचे लग्नही झाले. मार्गरिट वॉकर ही त्याची पत्नी त्याला भेटली तीही आगगाडीतच. १८६७ साली विवाह झाला आणि तो शेवटपर्यंत सुखाचा ठरला. भागीदारी मात्र टिकली नाही. त्या दोघांशी बिनसल्यावर फ्रॉगसाठी चांगले आणि स्वस्त पोलाद ओतून देणारा कारखाना शोधत हा तरुण १८६८ मध्ये पिट्सबर्गला गेला. त्याचे पुढचे सारे कर्तृत्व त्या शहराशी जोडले गेले.

पिट्सबर्गला पोचेपर्यंत त्याच्या डोक्यात दुसरा भुंगा गुणगुणू लागला होता. एका प्रवासात त्याने दोन मालगाड्यांची समोरासमोर झालेली टक्कर पाहिली होती. दिवस उजेडाचा, रूळ सरळ आणि सपाट. दोन्ही ड्रायव्हरांनी एकमेकांच्या गाड्या पाहिल्या होत्या, पण थांबायला वेळच मिळाला नव्हता. त्या काळी ब्रेक लावायचा म्हणजे इंजिनाने शिटी द्यायची आणि ब्रेकवाल्यांनी एकेका डब्यावरचे हातचाक पिळायचे. मालगाडीत ही माणसे वाघिणींच्या टपांवरून पळत असत, पावसात आणि बर्फातही. त्यांतली किती खाली पडून मेली आणि किती अपंग झाली, याची फिकीर कंपन्यांना फारशी नव्हती, कारण माणूस स्वस्त होता.

आल्प्स पर्वतात तेव्हा मॉन्ट सेनिसचा बोगदा खोदला जात होता. तिथल्या छिद्रक यंत्रांना हजारो फूट लांबीच्या नळ्यांतून दाबलेली हवा पुरवतात, हे त्याने एका मासिकात वाचले आणि त्याला उत्तर सापडले. इंजिनावर हवा दाबणारा पंप बसवायचा, सगळ्या गाडीखालून एक नळी न्यायची आणि ड्रायव्हरने एक तोटी फिरवली की सर्व डब्यांचे ब्रेक एकदम लागायचे. कुणी विश्वास ठेवीना. एका बड्या रेल्वे मालकाने, वाऱ्याने गाडी थांबवणाऱ्या वेड्यासाठी आपल्यापाशी वेळ नाही, असे सांगून त्याला वाटेला लावले, अशी आख्यायिका आहे. अखेर पिट्सबर्गच्या एका रेल्वेने चाचणीसाठी इंजिन आणि चार डबे दिले. खर्च वेस्टिंगहाऊसचा. गाडी बोगद्यातून बाहेर पडून वेग घेते न घेते तोच पुढच्या फाटकात एक घोडागाडी रुळांवर अडकलेली दिसली आणि तिचा गाडीवान खाली कोसळलेला. ड्रायव्हर डॅनिएल टेटने तोटी फिरवली. आत बसलेले साहेबलोक आसनांवरून पुढे फेकले गेले, पण गाडी त्या माणसापासून काही फुटांवर थांबली. चाचणीची सांगता होण्याआधीच निकाल लागला होता. १३ एप्रिल १८६९ रोजी पेटंट मिळाले आणि त्याच वर्षी ब्रेकची कंपनी उभी राहिली. तेव्हा तो बावीस वर्षांचा होता.

इथेच कुणीही समाधान मानले असते. पण या ब्रेकमध्ये एक खोट होती आणि ती त्याच्याच मनाला टोचत होती. नळी फुटली किंवा गाडी मधेच तुटून दोन भाग झाले, तर हवा निघून जाई आणि ब्रेक लागतच नसे. ज्या घडीला त्याची सर्वांत जास्त गरज, नेमकी तेव्हाच त्याची शक्ती नाहीशी होई. १८७२ च्या सुमारास त्याने साऱ्या रचनेचे गणितच उलटे केले. प्रत्येक डब्याखाली हवेची स्वतंत्र टाकी आणि ट्रिपल व्हॉल्व्ह नावाची एक झडप बसवली. नळीत दाब नेहमी भरलेला ठेवायचा. दाब आहे तोवर ब्रेक सुटलेले, दाब उतरला की टाकीतली हवा आपोआप ब्रेक लावणार. आता नळी फुटली काय किंवा गाडी तुटली काय, सगळे डबे जागच्या जागी थांबणार. व्यवस्था बिघडलीच तर ती थांबण्याच्या बाजूने बिघडावी, हा विचार त्याने आयुष्यभर सोडला नाही.

या विचाराचे मोल किती, हे १२ जून १८८९ रोजी आयर्लंडमध्ये आर्माघपाशी दिसले. रविवारच्या धर्मशाळेची मुले सहलीला निघाली होती. चढावर गाडी अडली, म्हणून ती तोडून मागचे डबे तिथेच ठेवले. त्या गाडीचा ब्रेक आपोआप लागणाऱ्या प्रकारचा नव्हता. सुटे झालेले डबे उतारावरून मागे घसरत गेले आणि पाठीमागून येणाऱ्या गाडीवर आदळले. सुमारे ऐंशी माणसे दगावली. त्यांत मुले पुष्कळ होती. त्याच वर्षी ब्रिटिश पार्लमेंटने कायदा करून उतारूंच्या गाड्यांना आपोआप लागणारा ब्रेक, सिग्नलांचे टप्पे आणि सांध्यांचे इंटरलॉकिंग या तिन्ही गोष्टी सक्तीच्या केल्या. त्याआधी वर्षानुवर्षे त्या खर्चिक म्हणून टळत आल्या होत्या.

ब्रेकच्या कामासाठी वेस्टिंगहाऊस १८७० च्या दशकात वरचेवर इंग्लंडला जाई. तिथल्या केबिनमधले सॅक्सबीचे खटके त्याने पाहिले. अमेरिकेत अजून बहुतेक ठिकाणी सांधे हातानेच फिरत होते. गाडी थांबवणे हा प्रश्नाचा अर्धा भाग आहे, गाडीला मुळात चुकीच्या रुळावर जाऊ न देणे हा उरलेला अर्धा, हे त्याला पटले. सॅक्सबीच्या यंत्रणेचे अमेरिकेतले हक्क असलेली एक कंपनी आणि विजेवर चालणाऱ्या सिग्नलांची दुसरी एक कंपनी त्याने ताब्यात घेतली आणि १८८१ साली दोन्ही मिळून युनियन स्विच अँड सिग्नल कंपनी स्थापन केली.

त्या दुसऱ्या कंपनीबरोबर एक रत्न हाती आले. विल्यम रॉबिन्सन या अमेरिकन संशोधकाने १८७२ साली एक साधी, पण विलक्षण युक्ती काढली होती. रुळांचा एक तुकडा बाकीच्यांपासून विजेच्या दृष्टीने वेगळा करायचा. एका टोकाला बॅटरी, दुसऱ्या टोकाला रिले. रुळांतून बारीकसा प्रवाह वाहत असतो आणि तो पोचतो आहे तोवर रिले सिग्नल मोकळा ठेवतो. गाडी त्या तुकड्यावर आली की तिची चाके आणि आस दोन्ही रूळ जोडून टाकतात, प्रवाह वाटेतूनच परततो, रिले पडतो आणि सिग्नल लाल होतो. रूळ तुटला तरी लाल, तार तुटली तरी लाल, बॅटरी संपली तरी लाल. ट्रिपल व्हॉल्व्हचाच हा विचार, फक्त हवेऐवजी विजेत मांडलेला. हे डोके रॉबिन्सनचे होते, वेस्टिंगहाऊसचे नव्हे. पण ते ओळखून त्यामागे पैसा, कारखाना आणि जिद्द उभी करण्याचे काम वेस्टिंगहाऊसने केले.

त्याची स्वतःची भर पडली ती सांधे फिरवण्यात. खटका आणि सांधा यांना जोडणाऱ्या लोखंडी सळया काहीशे यार्डांपलीकडे जड होत, उन्हाने लांबत, थंडीने आखडत. मोठ्या स्टेशनात शेकडो खटके आणि ते ओढायला पहिलवान माणसे लागत. वेस्टिंगहाऊसने सांध्यापाशीच दाबलेल्या हवेचा दट्ट्या बसवला. त्याची झडप उघडायला सुरुवातीला द्रवाचा दाब वापरून पाहिला, मग वीज घेतली. केबिनमध्ये आता बोटांनी फिरतील एवढ्या छोट्या मुठी पुरल्या. पण यात नवा धोका होता. सळईने ओढलेला सांधा हलला नाही तर हाताला ते कळते. तारेतून हुकूम सुटला आणि सांधा अर्ध्यात अडला, तर केबिनमधल्या माणसाला काय कळणार? म्हणून सांध्याकडून उलट निरोप येण्याची सोय केली. सांधा पूर्ण सरकून जखडला गेला, असा निरोप परत आल्याशिवाय मूठ शेवटपर्यंत फिरत नसे आणि ती फिरल्याशिवाय सिग्नल सुटत नसे. बोस्टनचे प्रचंड साउथ स्टेशन १८९९ साली वाहतुकीला खुले झाले ते याच हवा-वीज पद्धतीच्या सांध्यांवर.

विजेच्या ज्या कहाणीमुळे तो प्रसिद्ध झाला, तिचा उगमही थोडाफार या सिग्नलांतच आहे. सिग्नल कंपनीच्या कामातून त्याला विजेची गोडी लागली. विल्यम स्टॅन्ली या तरुण अभियंत्याला त्याने हाताशी धरले, १८८८ साली टेस्लाची पेटंटे घेतली, १८९३ मध्ये शिकागोचे जागतिक प्रदर्शन प्रत्यावर्ती विजेने उजळले आणि नंतर नायगाऱ्याच्या धबधब्याला जनित्रे जुंपली. एडिसनशी झालेला त्याचा झगडा सर्वश्रुत आहे, त्यात इथे शिरत नाही.

माणूस म्हणून तो कसा होता? धिप्पाड, मोठ्या मिशांचा, हट्टी आणि कामाला वाघ. पेटंटाच्या बाबतीत तो कुणाला सूट देणाऱ्यांतला नव्हता. कोर्टकचेऱ्या त्याने पुष्कळ केल्या. पण अपयश त्याला वेगळ्या रीतीने लागे. १८८६-८७ साली आयोवातल्या बर्लिंग्टन इथे पन्नास वाघिणींच्या लांब मालगाड्यांवर निरनिराळ्या ब्रेकच्या चाचण्या झाल्या. त्याच्या ब्रेकचा दाब शेवटच्या वाघिणीपर्यंत पोचायला उशीर लागे. पुढच्या वाघिणी थांबत आणि मागच्या त्यांच्यावर आपटत. सर्वांसमक्ष नाचक्की झाली. तो काही न बोलता कारखान्यात परतला, झडप नव्याने घडवली आणि काही महिन्यांत तेवढीच लांब गाडी धक्का न बसता थांबवून दाखवली. १८९३ साली अमेरिकेने कायद्याने गाड्यांना असे ब्रेक सक्तीचे केले आणि वाघिणींच्या टपांवरची ती जीवघेणी धावपळ हळूहळू संपली.

कामगारांच्या बाबतीतही तो काळाच्या पुढे होता. १८७१ पासून त्याच्या कारखान्यात शनिवारी अर्ध्या दिवसाची सुट्टी असे. पुढे विल्मरडिंग या गावी कामगारांसाठी घरे बांधली, निवृत्तिवेतनाची सोय केली. धंद्याचा पसारा मात्र त्याने कर्जावर वाढवला होता. १९०७ साली अमेरिकेत बँका कोसळू लागल्या तेव्हा त्याची वीज कंपनी सावकारांच्या हातात गेली आणि काही वर्षांत त्याला स्वतःच्याच नावाच्या कंपनीतून बाहेर पडावे लागले. त्या वादळात ब्रेकची आणि सिग्नलची कंपनी तेवढी धक्का न लागता उभी राहिली. १२ मार्च १९१४ रोजी न्यूयॉर्कमध्ये त्याचे निधन झाले. साडेतीनशेहून अधिक पेटंटे त्याच्या नावावर होती. तीनच महिन्यांनी मार्गरिटही गेली. यादवी युद्धातला सैनिक म्हणून आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत त्याला जागा मिळाली.

आपल्याकडे हे सारे वेगवेगळ्या वाटांनी पोचले. सॅक्सबी अँड फार्मर या नावाचा कारखाना कलकत्त्यात दीर्घकाळ होता. भारतीय गाड्यांत विसाव्या शतकाचा मोठा भाग निर्वात ब्रेक होते आणि नंतर हवेचे आले. पण मुंबईकरांना हवेचा ब्रेक फार जुना परिचयाचा आहे. लोकल फलाटाला लागताना खालून जो फुस्स असा आवाज येतो, तो त्या हवेचाच. केबिनमधल्या खटक्यांची जागा बहुतेक ठिकाणी संगणकाने घेतली आहे, तरी पट्ट्यांच्या जाळीचा नियम तोच आहे.

आणि म्हणूनच २ जून २०२३ ची संध्याकाळ विसरता येत नाही. ओडिशात बालासोर जिल्ह्यातल्या बहानगा बाजार स्टेशनात कोरोमंडल एक्स्प्रेसला मुख्य मार्गाचा सिग्नल हिरवा मिळाला. सांधा मात्र लूप लाइनकडे वळलेला होता आणि तिथे मालगाडी उभी होती. ड्रायव्हरने सिग्नल पाळला. गाडी भरधाव वेगात सांध्यावर वळली. २९० हून अधिक माणसे मेली. रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत असे निघाले की सिग्नलच्या तारांची जोडणी पूर्वीच्या एका कामात चुकली होती आणि त्या दिवशी फाटकाच्या यंत्रणेचे काम करताना ती चूक उघडी पडली. सांधा एक सांगत होता आणि तार दुसरे कळवत होती. ज्या घटनेला आळा घालण्यासाठी ब्रायटनच्या सुताराने १८५६ साली खटके एकमेकांना जोडले, ती जशीच्या तशी घडली.

या अपघाताच्या बातम्या वाचताना मला वारंवार वेस्टिंगहाऊसचा तो उलट निरोप आठवत होता. सांध्याने खरेच काय केले हे सांध्याकडूनच कळले पाहिजे, हा त्याचा आग्रह होता. यंत्रणा कितीही हुशार असो, तिच्यातली एक तार खोलून पुन्हा जोडणारा हात माणसाचाच असतो. तो हात घाईत असेल, त्याच्यावर गाड्या न रखडवण्याचा दबाव असेल, जोडणीनंतर प्रत्येक सांधा प्रत्यक्ष हलवून पाहायला त्याला पुरेसा वेळ दिला जात नसेल, तर दीडशे वर्षांची सगळी पुण्याई एका पेटीतल्या दोन तारांपाशी संपते. सांधेवाल्याच्या काळात चूक झाली की माणूस बदलायचे. वेस्टिंगहाऊसने माणूस न बदलता सांधा बदलला. पुढच्या अपघातानंतर चौकशीचा अहवाल येईल, तेव्हा त्यात कुणाला निलंबित केले हे आपण वाचूच. त्याबरोबर तारा तपासायला किती तास दिले होते, हेही विचारले पाहिजे, आणि ते विचारणे रेल्वेइतकेच आपलेही काम आहे.